संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. दोऱ्यांना दुहेरी गाठ.

चार पाऊणे तीन. पाच पाऊणे पावणेचार.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेला देवमासा. पूर्वी जिथून बर्फाच्या लाद्या बाहेर सरकवत, ती खिडकी नेमकी डोळ्याच्या जागी आलेली. म्हणून डोळा चौकोनी.

सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. रविवारचा कप्पा रिकामा.

बिनसाखरेचा चहा. अर्धा कप तसाच.

आल्याचं खाजं, पाव किलो, कागदी पिशवीत. पिशवीच्या तळाला गुळाचा ओला डाग.

तुम्ही इथे आहात.

·

"तुम्ही इथे आहात" असं फलकावर लिहिलेलं होतं आणि शेजारी लाल ठिपका होता. आई त्या फलकासमोर उभी राहून म्हणाली, "मी इथे आहे ते मला माहीत आहे. ते कुठे आहेत?"

"येतील. सव्वासात म्हणालेत."

"सात सतरा झाले."

सात अठराला मालंडकर आले. पहिल्या एस.टी.ने, दोन तासांचा प्रवास करून. वय एकोणसाठ, केस पिकलेले पण भरपूर, हातात कागदी पिशवी, पायात कालच घेतलेले वाटावेत असे पांढरे बूट.

दुरुस्ती: फिकट राखाडी.

नोकरी सगळी दीपगृहांवर झालेली. एकूण सहा दीपगृहं, एकामागून एक. बायको आठ वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही. आईच्या शाळेतल्या नाईकबाईंनी हे स्थळ आणलं होतं. 'स्थळ' हा शब्द नाईकबाईंचा. आई नुसतं 'तो माणूस' म्हणायची.

आई तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. नगरपालिकेच्या बालवाडीत शिकवायची, त्यामुळे आवाज कायम चाळीस मुलांना पुरेल इतका. मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघी होतो आणि माझ्या मते आमचं बरं चाललं होतं.

भेट घरी ठेवायची नाही, हे आईचं म्हणणं. "माझ्या घरात खुर्चीवर बसून कोणी मला बघायचं नाही. बघायचंच तर चालताना बघा. मीही बघते."

म्हणून बंदरपथ. हा आमच्या शहराचा जुना धक्का. इथे एकेकाळी मचव्यांतून मंगलोरी कौलं उतरत, मीठ चढे. मग मचवे थांबले आणि वीस वर्षं तिथे फक्त गंज होता आणि कुत्री. मग दोन वर्षं पत्र्यांच्या आड काही तरी ठोकाठोक चालली. पत्रे निघाले तेव्हा आत साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट होती, बाकं होती, दिव्यांचे खांब होते, मिठाच्या गोदामात चहा-कॉफीचं दुकान होतं, आणि प्रत्येक वळणावर फलक. उघडून तीन आठवडे झाले होते. अर्धं शहर तिथे फोटो काढून आलं होतं. आम्ही दोघी गेलो नव्हतो.

आदल्या दिवशी संकष्टीचा उपास सोडायला बसलो असताना आईने मला काय सांगितलं ते इथेच लिहिते.

"उद्या संध्याकाळी सातच्या गाडीने ते परत जाणार. त्याआधी मला हो की नाही ते सांगायचंय. तुला माणूस पटला नाही तर मला विचार, 'आई, गोळी घेतलीस का?' मी समजेन. विषय तिथेच संपवेन. तुला कारणही विचारणार नाही."

"आणि पटला तर?"

"तर काही विचारू नकोस."

तिची रक्तदाबाची गोळी. हा प्रश्न मी तिला तसाही रोज विचारायचे.

·

फलक दोन. बर्फाचा कारखाना.

"हा शहाऐंशीला बंद पडला," आई म्हणाली.

"हो, बरोबर," मालंडकर म्हणाले.

"आणि ह्या देवमाशाचा डोळा बघा. चौकोनी! माझ्या वर्गातली पोरं याहून बरा काढतील."

"हो, बरोबर."

ते आईच्या डावीकडून, अर्धं पाऊल मागे चालत होते. मी आणखी दोन पावलं मागे. वडीलधारं माणूस म्हणून नवरीमुलीबरोबर आलेली तिची मुलगी. हसू येत होतं आणि येतही नव्हतं.

"मॅडम, जरा सांभाळून, इथे ओलं आहे."

"मॅडम कोणाला म्हणता?"

"तुम्हाला."

"मॅडम म्हणू नका. शाळेतसुद्धा मला कोणी मॅडम म्हणत नाही. बाई म्हणतात."

"बरं. बाई."

"तुम्ही काय माझ्या वर्गात आहात?"

'अहो' म्हणणं आईला शक्य नव्हतं, ते फार पुढचं झालं असतं. 'कुंदा' म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. त्यानंतर फलक पाचपर्यंत दोघांनी एकमेकांना कोणत्याही नावाने हाक मारली नाही. कोणाला काही सांगायचं असलं की ते माझ्याकडे बघून सांगत.

"ही झाडं जुनीच ठेवलीत, हे एक बरं केलं," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "करंजं आहेत."

"हो, बरोबर," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

फलक चार. मिठाचं गोदाम. आत आता चकचकीत टेबलं होती आणि तुळयांना काचेचे गोळे टांगलेले होते. आईने मालंडकरांना न विचारता सांगून टाकलं, "एक बिनसाखरेचा. या वयात साखर कमीच बरी, नाही का?"

"हो, बरोबर."

त्यांनी अर्धा कप प्यायला. पिशवी उघडून खाजं पुढे केलं. आईने एक तुकडा तोंडात टाकला, चावला आणि खरोखर आवडल्यासारखा चेहरा केला. मग दुसरा घेतला. मी मनात नोंद केली: खाजं चांगलं. माणूस अजून माहीत नाही.

एकूण अकरा वेळा ते 'हो, बरोबर' म्हणाले होते. मी मोजत होते.

दुरुस्ती: नऊ.

फलक सहा. इथे वाट खाडीकडून समुद्राकडे वळते आणि एकदम वारा लागतो. आईचा पदर उडाला, तिने तो कमरेला खोचला आणि पलीकडच्या टेकडीकडे हात केला.

"ती बघा. तुमच्या शेवटच्या दीपगृहाची टेकडी."

मालंडकरांनी टेकडीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिचा हात अजून हवेत होता, केस तोंडावर येत होते आणि तिला आपण काही तरी छान दाखवलं असं वाटत होतं.

"हो," ते म्हणाले. "बरोबर."

मी तेव्हा ठरवून टाकलं की या माणसात काही नाही. चांगला आहे, स्वच्छ आहे, पण उशी आहे. उशीवर डोकं ठेवता येतं, बोलता येत नाही.

आई मात्र बोलत सुटली होती. बाबा असताना ती अशी बोलायची नाही. बाबा वाईट नव्हते. वीज मंडळात होते, वेळेवर घरी यायचे. पण आईचं वाक्य अर्ध्यावर आलं की ते दुसऱ्या खोलीत पोचलेले असायचे, आणि तिथून त्यांचा आवाज यायचा, "तुला काय कळतंय त्यातलं."

·

फलक नऊ. शेवटचा.

बावट्याचा खडक. केवळ ओहोटीच्या वेळी जावे. आजची सुरक्षित वेळ: ______ ते ______.

रिकाम्या जागांत खडूने लिहायचं असणार. खडू दोरीला टांगलेला होता. लिहिलेलं काही नव्हतं.

समोर पाण्यातून वर आलेली दोनशे पावलांची दगडी वाट, तिच्या टोकाला खडक, खडकावर एका खोलीचं दगडी घर आणि डोलकाठीसारखा खांब. बंदर चालू होतं तेव्हा त्या खांबावर वादळाचा बावटा चढवत. आईने लहानपणी तो पाहिला होता.

"खडूची काही गरज नाही," आई म्हणाली. तिने डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. तिचे आजोबा मचव्यावरचे तांडेल, म्हणजे कप्तानच. त्या घरातल्या मुलींनाही हे गणित बाराखडीबरोबर शिकवलेलं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. "काल संकष्टी सोडली. म्हणजे आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. अलीकडे दीड तास, पलीकडे दीड तास वाट उघडी. आता किती वाजले?"

"नऊ चाळीस," मी म्हणाले.

"म्हणजे सव्वाअकरापर्यंत काळजी नाही. चला."

मालंडकरांनी तोंड उघडलं. पाण्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"हो," ते म्हणाले. पुढचं 'बरोबर' या वेळी आलं नाही.

मी काही बोलले नाही. आम्ही तिघं खाली उतरलो.

·

खडकावर मालंडकर जरा जिवंत झाले. खांबाच्या कप्पीला त्यांनी हात लावला, ती फिरते का पाहिलं. दगडी खोलीच्या भिंतीत आतून एक कोनाडा होता, त्यात इथला माणूस कंदील ठेवत असणार असं म्हणाले. बोलताना पहिल्यांदाच ते माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते. आई खडकाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि खाज्याची पिशवी तिच्या मांडीवर होती.

दहा वाजता ते म्हणाले, "निघायचं का?"

"बसा हो, तास आहे अजून."

'बसा'पुढचा तो घरगुती 'हो' तोंडून निघून गेल्याचं तिला कळलं नाही. त्यांना कळलं. ते बसले.

दहा वीसला ते उठले. "ऊन वाढेल."

"जानेवारीचं ऊन. वाढून वाढून किती वाढेल?"

"हो," ते म्हणाले आणि पुन्हा बसले.

दहा पस्तीसला आईने मागे वळून पाहिलं. वाट होती, पण मधली तीस-चाळीस पावलं नव्हती. तिथून पाणी अगदी शांतपणे, कसलाही गाजावाजा न करता, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होतं.

"हर्षू, घड्याळ बघ."

"दहा पस्तीस."

"बंद पडलं असेल."

"नाही पडलं."

आईने पुन्हा पेरं मोजली. एकदा. मग उलट बाजूने. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पाठ असलेली कविता मुलांसमोर विसरावी तसा.

"आज चौथच आहे," मालंडकर म्हणाले.

"काय?"

"वृद्धी आहे. काल आणि आज, दोन्ही दिवस चतुर्थी. संकष्टी काल झाली हे खरं. पण आज सूर्य उगवला तेव्हाही चौथ संपलेली नव्हती. म्हणून चार पाऊणे तीन. तीनला भरती. ओहोटी नऊला होऊन गेली."

लाटेचा आवाज आला. मग आईचा.

"तुमका ठावक होता?"

आई घरात प्रमाण मराठी बोलते. मालवणी फक्त दोन प्रसंगी येते, खूप माया आली की आणि खूप राग आला की. हे कोणतं ते विचारावं लागलं नाही.

"हो."

"वाटेर पाय ठेवलास तेव्हा?"

"हो."

"आणि गप ऱ्हवलास?"

"मला वाटलं… तुम्ही तांडेलाच्या घरातल्या. आणि आज पहिलाच दिवस. दोनदा म्हटलं, निघूया."

"ऊन वाढेल म्हणालात! उनाचा काय संबंध?"

"काही नाही," मालंडकर म्हणाले.

आई उठून उभी राहिली. पिशवी खाली पडली. ती पुन्हा शाळेच्या भाषेत आली होती, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

"माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षं माझं एक बरोबर वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आणि तुम्ही माझं चुकीचं वाक्यसुद्धा पुरं होऊ देता. पाणी चढेपर्यंत! ह्याला मी आदर म्हणायचं?"

मालंडकरांनी खाली पडलेली पिशवी उचलली, झटकली आणि दगडावर ठेवली. आता याचा निकाल लागला, असं मला वाटलं. आईला त्रास नको, तिने तो स्वतःच्या तोंडाने जाहीर करायला नको. आमचं घर, दोन खुर्च्या, दोन ताटं, सगळं जागच्या जागी राहील.

मी म्हणाले, "आई, गोळी घेतलीस का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पण तेवढ्यात वाटेचा आणखी एक दगड पाण्याखाली गेला.

"घेतली," ती म्हणाली. "सकाळीच घेतली."

आणि ती त्यांच्यासमोर पदर सावरून मांडी घालून बसली.

"आता सांगा."

"काय?"

"सकाळपासून माझं काय काय चुकलं ते. सगळं."

"असं काही फार…"

"मालंडकर!"

त्यांनी घसा साफ केला.

"कारखाना शहाऐंशीला बंद नाही पडला. नव्वदला पडला. नव्वदच्या मे महिन्यात मी स्वतः तिथून बर्फ नेलाय."

आईने अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. "पुढे."

"ती झाडं करंजाची नाहीत. उंडीची आहेत."

दुसरं पेर.

"मी चहात तीन चमचे साखर घेतो."

"तीन?" मी विचारलं.

"तीन. आणि साखर झालेली नाही मला. वर्षाला तपासतो."

तिसरं पेर.

"आणि ती टेकडी…" इथे ते थांबले. मग त्यांचा आवाज थोडा चढला, पहिल्यांदाच. "ती टेकडी माझ्या दीपगृहाची नव्हे. माझी तिच्या पाठीमागे आहे, इथून दिसतच नाही. अकरा वर्षं राहिलोय मी तिथे. अहो, दुसऱ्या कुठल्या तरी टेकडीला मी हो म्हटलं!"

हे त्यांना सगळ्यात जास्त लागलेलं दिसत होतं. आईचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसत.

"आणखी एक," मालंडकर म्हणाले. आता ते थांबत नव्हते. "मॅडम म्हणायचं नाही, बाई म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही. दोन किलोमीटर मी तुमच्या मुलीशी बोलत चाललोय."

"ते माझं चुकलं," आई म्हणाली. "कुंदा म्हणा. झाडं तुमची बरोबर, मी मान्य करते. टेकडी तुमची. साखर तुमची. पण कारखाना शहाऐंशीलाच."

"नव्वद."

"शहाऐंशी! हर्षू दोन वर्षांची होती, मी तिला कडेवर घेऊन…"

"मी शहाऐंशीत एक वर्षाची होते," मी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस," दोघं एकदम म्हणाले.

·

दीपगृहाच्या नोंदवहीत चूक झाली तर ती खोडायची नसते. रबर नाही, ब्लेड नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं. आणि समासात आपली सही. सही नसेल तर ती दुरुस्ती धरत नाहीत.

हे मालंडकरांनी त्या खडकावर आईला सांगितलं.

"आणि समजा, चूक वरिष्ठांची असेल तर?"

"तरी."

"मग आज कुठे गेली होती तुमची सही?"

"आता केली की," ते म्हणाले.

·

साडेअकराच्या सुमारास पास्कूची होडी आली. पास्कू फर्नांडिस, आईच्या माहेरच्या वाडीतला, तिला लहानपणापासून ओळखणारा. त्याने इंजिन बंद केलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"काय गो कुंदा! तांडेलाचा चेडू आणि भरतीत गावला?"

"नात आहे मी तांडेलाची. आणि तोंड सांभाळ."

"ह्ये कोण?"

आईने मालंडकरांकडे पाहिलं. "ह्ये चूक दाखवणारे," ती म्हणाली.

"चल, चढा तिगाय. वाट संध्याकाळी साडेसातशिवाय उघडी जावची नाय."

मी बूट काढून होडीत चढले. हात पुढे केला. आई उठलीच नाही.

"तू हो पुढे, हर्षू."

"आणि तुम्ही?"

"आमचा अजून संपलेला नाय."

"काय संपलेलं नाही? आई, आठ तास आहेत! खायला काय आहे?"

"खाजं आहे. पाण्याची बाटली आहे. सावलीला खोली आहे."

"काकांची गाडी सातची आहे."

"चुकेल," आई म्हणाली.

मालंडकर बुटांच्या दोऱ्या सोडत होते. त्यांनी मान वर केली.

"चुकणार नाही," ते म्हणाले. "मी ती सोडतोय."

आईने या वेळी पेर मोजलं नाही.

पास्कूने माझ्याकडे पाहिलं, मी पास्कूकडे. त्याने डोक्यावरची टोपी काढून आईकडे फेकली, उन्हासाठी, आणि इंजिन चालू केलं.

·

तो दिवस मी बंदरपथावर काढला. फलक नऊपासून फलक एकपर्यंत, आणि परत. एकटीने, दोन वेळा. गोदामात मासे-भात खाल्ला. एका बाकावर तासभर झोपले, माझी खांद्यावरची पिशवी डोक्याखाली घेऊन, आणि कोणी उठवलं नाही. उंडीच्या झाडाखाली एका आजोबांनी मला विचारलं, हे करंज का. मी म्हणाले, नाही, उंडी. मला फार बरं वाटलं.

मधून मधून खडकाकडे बघायचे. दोन ठिपके. तीन वाजता, पाणी सगळ्यात वर असताना, ते खांबाजवळ होते आणि एक ठिपका दुसऱ्याला कप्पीकडे हात करून काही तरी सांगत होता. चार वाजता ते दिसेनात, सावलीत गेले असावेत. पाचला पुन्हा दिसले, पाठीला पाठ लावून बसलेले.

दुरुस्ती: शेजारी शेजारी. दुरून तसं वाटलं असेल.

सात वाजता आगाराच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. ती त्यांचीच गाडी असेल असं काही नाही, पण मी तसं धरलं.

बंदरपथाचे दिवे लागलेले होते. साडेसातला वाट वर आली आणि सात चाळीसला ते दोघं चालत आले. मालंडकर पुढे, प्रत्येक दगड पायाने चाचपत. बूट दोऱ्यांनी गळ्यात अडकवलेले. आई मागे, पास्कूची टोपी घालून, एका हाताने त्यांच्या खांद्याला धरून.

"एकोणनव्वद," आई फलकाजवळ पोचताच मला म्हणाली.

"काय एकोणनव्वद?"

"कारखाना. आम्ही एकोणनव्वदवर मिटवलंय."

"चूक आहे ते," मालंडकर म्हणाले. "पण मिटवलंय."

"आई, तू सातच्या आधी उत्तर देणार होतीस."

"दिलं की. पावणेसातला."

"सहा पस्तीसला," मालंडकर म्हणाले.

मी आईला गोळीचं विचारलं नाही. ती माझ्याजवळ आली, तिच्या हाताला गुळाचा आणि मिठाचा वास होता, आणि तिने तो हात माझ्या गालाला पुसला. "भूक लागली," ती म्हणाली. आम्ही तिघं मिठाच्या गोदामात गेलो. मालंडकरांनी चहात तीन चमचे साखर घातली आणि आई ती मोजत होती. त्या दिवशी रात्री ते नाईकबाईंकडे झोपायला गेले.

·

याला आता बारा वर्षं झाली. मार्चमध्ये नोंदणी झाली, साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढच्या वर्षी मी लग्न करून दुसऱ्या शहरात आले, आणि मागे घरात दोन खुर्च्या, दोन ताटं राहिली. फोन केला की अजूनही मागे कुठल्या तरी सालावरून काही तरी चाललेलं असतं. हे पान सोडून बाकी सगळं मी त्यांना वाचायला पाठवलं होतं. काकांनी तीन ठिकाणी रेघ मारून वर लिहून पाठवलं, समासात सही करून. त्या तीन दुरुस्त्या मी तशाच ठेवल्यात. आईने फक्त विचारलं, माझा आवाज खरंच एवढा मोठा आहे का.

त्या रविवारच्या पेपरात तिसऱ्या पानावर तळाला ओहोटीची वेळ छापलेली होती, आठ वाजून पन्नास मिनिटं, आणि सकाळी सहा वाजता तो पेपर उघडून मी ती वाचली होती.